जावयाचं हेलिकॉप्टर

जयश्रीने शेपटीचा सर्वो दांडीवर बसवला, पेचकस दातात धरला आणि बॅटरीची वायर जोडली. सर्वो म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान मोटर, तिला एक पांढरा प्लास्टिकचा हात. तिने रिमोटच्या काठ्या हलवल्या. पुढच्या तीन सर्वोंचे हात वर-खाली झाले, शेपटीचा डावी-उजवीकडे. पाती अजून लावली नव्हती. ती खाटेखाली पेपरात गुंडाळून ठेवली होती.

धुडकू समोर उकिडवा बसून लेकीचे हात बघत होता.

"हाई कसाले वं माय?" त्याने सांगाड्यावरच्या काळ्या डबीकडे बोट दाखवलं.

तिने हेलिकॉप्टर उचलून नाक उजवीकडे वळवलं. शेपटीचा हात लगेच डावीकडे गेला. नाक डावीकडे वळवलं, हात उजवीकडे गेला.

"कोनी ढकलं तं हाई उलटा जोर लावस," ती म्हणाली. "म्हनीसन ते सरळ ऱ्हास."

डबीच्या अंगावर मुगाच्या दाण्याएवढं बटण होतं. धुडकूने ते चष्म्यातून पाहिलं.

"आन हाई बटन उलटं पडनं तं?"

"तं जिकडे ढकलं तिकडेच जोर लावी. उचलताच जागावर गरगर फिरी, आन भुईवर आपटी."

"हळू बोला," अनारसे तळता तळता जयश्रीची आई उषाबाई म्हणाली. "पाव्हना दारमा शेतस."

जावई दारात फोनवर बोलत होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला चांदीचा दिवा देतात. भूपेंद्रने आधीच कळवलं होतं, दिवा नको, हेलिकॉप्टर द्या. कडोदऱ्याकडे मैदानावर शेठ लोकांची पोरं उडवतात तसं. शिकाऊ माणसाचं असलं तरी चालेल. आणि जोडून घ्यायला दुकानात देऊ नका, घरात जोडणारी आहे.

जोडणारी सकाळपासून फरशीवर बसली होती. लग्नाआधी ती गोडादऱ्याच्या एका दुकानात ड्रोन दुरुस्त करायची. दुकानवाल्याने पुन्हा बोलावलं होतं. धुडकूने तिला शब्द दिला होता, पाव्हण्यांचं जेवण झालं की मी बोलतो.

भूपेंद्र आत आला, खाटेवर बसला आणि ताटलीतला अनारसा मोडून तोंडात टाकला.

"अजून किती? संध्याकाळी मैदानावर सगळे दोस्त येणार आहेत. माझा भाऊ पण येणार. सगळ्यांना सांगून ठेवलंय, आज आपलं उडणार."

"पाती आणि झाकण राहिलंय," जयश्री म्हणाली.

धुडकूने टोपी काढली, पुन्हा घातली.

"पाव्हणा, एक बोलू का? जयूला त्या दुकानात बोलावताहेत. अर्धा दिवसच. घरचं सगळं करून जाईल."

भूपेंद्र हसला. "काय मामा, वाणाबरोबर अर्ज पण देता का?"

"तसं नाही, पाव्हणा..."

"माझी बायको परक्या पोरांत बसून स्क्रू फिरवणार, आणि लोक मला विचारणार, काय रे, भागत नाही का तुझं?" त्याने बोटांना लागलेली खसखस झटकली. "हौसच आहे ना तिला? मी आणून देतो घरी काही मोडकंतोडकं. बसेल खेळत."

"घ्या ना आणखी एक," उषाबाई म्हणाली. "गरम शे."

"मी त्यांना हो म्हटलंय," जयश्री म्हणाली.

भूपेंद्रचं चावणं थांबलं. "मग आता नाही म्हण. लाव फोन. इथेच, माझ्यासमोर."

जयश्रीने बापाकडे पाहिलं. धुडकू फरशीवरचे स्क्रू बोटाने एका जागी गोळा करत होता. तिने ओढणीला हात पुसले आणि त्या गुजराती दुकानवाल्याला फोन लावला.

"ना भाई, माराथी नहीं अवाय," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "ना, हवे क्यारेय नहीं," आता कधीच नाही, असं सांगून तिने फोन पालथा ठेवला.

"बघा मामा. सांगितलं की ऐकते. उगाच तुम्हाला मध्ये घातलं." भूपेंद्रचा आवाज मऊ झाला होता. तो खाटेवरून उतरून खाली बसला. हेलिकॉप्टर मांडीवर घेऊन त्याने इकडून तिकडून पाहिलं, सर्वोचे हात बोटाने दाबून पाहिले. तेलाचे डाग उमटले. मग त्याला काळी डबी दिसली.

"हे बटण कसलं?" विचारता विचारताच त्याने नखाने ते सरकवलं.

जयश्रीचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला.

भूपेंद्रने हेलिकॉप्टर उचललं आणि नाक उजवीकडे वळवलं. शेपटीचा हात उजवीकडे गेला. डावीकडे वळवलं, हात डावीकडे गेला. त्याने दोन-तीनदा करून पाहिलं. त्याला मजा वाटली.

"वा! जिकडे ढकलतो तिकडेच जातं. असंच पाहिजे ना?"

कढईतला अनारसा तडतडत होता. उषाबाईचा झारा हवेत थांबला होता.

"हो," जयश्री म्हणाली. "असंच पाहिजे."

धुडकूने मान वर केली. आधी त्याने त्या बटणाकडे पाहिलं, मग लेकीकडे. ती खाटेखालून पात्यांची पुडी ओढून घेत होती. तिने एकेक करून पाती लावली. भूपेंद्र फोनवर कोणाला तरी फोटो पाठवत होता.

शेवटी जयश्रीने झाकण वर बसवलं. बटण आत गेलं, दिसेनासं झालं. ती पेचकस शोधू लागली. तो धुडकूच्या पायाशी होता. त्याने तो उचलला, धोतराला पुसला आणि तिच्या हातात दिला.

"घट बसाड, माय," तो म्हणाला.