नियमातली टिकली

रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या साडीच्या दुकानात लग्नाची गिऱ्हाइकं फार, म्हणून काउंटरवरच्या बायकांना लाल टिकली आणि हिरव्या बांगड्यांची सक्ती होती. त्यांच्यातल्या गोदूचा नवरा वारला तेव्हाही शेठनं नियम सोडला नाही. सासूनं आकांत केला, मग म्हणाली, "नोकरीचा नियमच हाय, तर काय करशीन? पण घरी आल्या आल्या उतरवत जा." बाकीच्या पोरी त्या नियमाला शिव्या घालायच्या. गोदू मात्र सकाळी आरशासमोर जरा जास्तच रेंगाळायची.

परवा शेठचा मुलगा गल्ल्यावर बसला. "रायपुर अब राजधानी है, दीदी. मॉडर्न लुक चाहिए. कल से ना बिंदी, ना चूड़ी."

पोरींनी टाळ्या वाजवल्या.

"भैया, मले एक टिकली तरी राहू द्या."

"आपको क्यों चाहिए, दीदी? आपके तो..." त्यानं जीभ चावली. "नियम सबके लिए एक है."

गोदूनं घरी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूनं हाक मारली, "काहून उशीर करून राहिली वं?"

"टिकली सापडून नाही राहिली, आई."

शेवटी सापडली. ती लावून, बांगड्या घालून गोदू निघाली आणि दुकानाच्या पायरीवर सगळं उतरवून तिनं पर्समध्ये टाकलं.

आता बुढापाऱ्यातल्या घरापासून चौबे कॉलनीतल्या दुकानापर्यंत, शेअर ऑटोत बसल्यापुरतं, तिचं कपाळ तिचं असतं.