दुप्पट काचा

सन छत्तीस. वाशीमच्या बबनराव देशमुखांनी जुनी मोटार देऊन नव्या घडणीची आणली होती. तशीच घ्यावी का, हे पाहायला मानोऱ्याचे मारोतराव सहकुटुंब आले, तर बबनरावांचा आवाज ओसरीवरून पार माजघरापर्यंत येत होता. "हादरा म्हणून बसत नाही. अन् काचा पाहा, पहिल्याच्या दुप्पट. बसल्या जागी सारा मुलूख दिसते."

देशमुखांकडे बायकांना गोषा होता. माजघरात मारोतरावांच्या बायकोनं बबनरावांच्या पत्नी मनकर्णाबाईंना हळूच विचारलं, "तुमी त परवा माहेरी जाऊन आल्या तिच्यात. पहिलीहून काय फरक वाटला, वहिनी?"

मनकर्णाबाईंनी मांडीवरच्या जाड काळ्या कापडात सुई खसकन खुपसली.



"पडद्याले कापड दुप्पट लागलं."