बाकावरून दिसत नाही

पायरीवर मेण लावलंय हे टाइमकीपरला चार पावलांवरूनच दिसलं. स्केटपार्कमधली पोरं कट्ट्याच्या कडेला मेणबत्ती घासतात, बोर्ड सरसर घसरावा म्हणून. ते रोजचंच. पण पायरीवरून बोर्ड कुणीच घसरवत नाही. त्या पायरीवर पाय ठेवून कट्ट्यावर चढणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे टाइमकीपर.

पोरं सिमेंटच्या गोल खड्ड्यापलीकडे काठावर उभी होती. नको इतकी शांत.

त्याने पायरी टाळली. कठड्याला धरून, बाजूने, आधी एक गुडघा आणि मग दुसरा टेकवत तो कट्ट्यावर चढला आणि आपल्या जागी बसला.

"बेरकी आहे म्हातारा," पोरांमधली वेणीवाली म्हणाली.

"तो एवढा बाक मोकळा पडलाय की, आजोबा!" टोळ ओरडला. उड्या उंच मारायचा म्हणून सगळे त्याला टोळच म्हणत. "सावली पण आहे!"

"बाकावरून खड्डा दिसत नाही."

"दिसून करायचंय काय तुम्हाला? आम्हाला कट्टा लागतो."

"मलाही लागतो."

परवा टाइमकीपरनेच पोरांना गमतीत सांगितलं होतं, मुलीने तंबी दिलीय, आता एकदा जरी पडलात तर बाहेर जाणं बंद. सगळी पोरं हसली होती. टोळ तेवढा हसला नव्हता.

बस डेपोत टाइमकीपर म्हणून चाळीस वर्षं गाड्या वेळेवर सोडलेल्या माणसाला इथली ये-जा कळायला आठवडाही लागला नव्हता. बोर्डाचं टोक काठावर टेकवलं की नंबर लागला. 'मी आधी' असं तोंडाने कुणी म्हणत नाही. उतरायचं, समोरच्या भिंतीवर चढायचं, वळायचं, बाहेर पडायचं. नवखे भिंतीच्या कडेकडेने. निळ्या हेल्मेटवाला दर खेपेला अर्धा सेकंद घाई करतो आणि एक दिवस कुणाच्या तरी अंगावर जाणार. हे सगळं बघत बसलं की दुपार सरत असे. घरी बघायला फ्रिज होता आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत.

सहा वाजता मुलगी आली. एरवी ती फाटकाशी थांबून हाक मारायची. आज तरातरा आतच आली, खांद्याला ऑफिसची बॅग, हातात औषधांची पिशवी.

"फोन का उचलत नाही बाबा? कधीची करतेय."

"चाकांच्या आवाजात ऐकू येत नाही."

"बरं, उठा. थांबा, आपले आपण उतरू नका. मी येते वर, धरते तुम्हाला."

खड्ड्यातली चाकं थांबली.

ती कठड्याला वळसा घालून आली. पायरी तिच्या समोर होती. थांब, एवढा एक शब्द पुरला असता. पण थांब म्हटलं की ती का म्हणून विचारणार, वाकून बघणार, नखाने मेण खरवडणार. मग फ्रिज आणि भिंत. तिचा पाय उचलून टेकेपर्यंत दोन सेकंद तरी होते. चांगले दोन. टाइमकीपरने ओठ मिटून घेतले.

"ताई, पायरी!"

ओरडला तो टोळ.

तोवर पाय सरकला होता. ती हातावर पडली आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

पोरं धावली. टोळने तिला काखेत हात घालून बसवलं. वेणीवाली घरंगळलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या गोळा करू लागली. मनगट भलतीकडेच वळलं होतं. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू ओरडलास म्हणून हात तरी पुढे आला रे," ती टोळला म्हणाली. "नाहीतर तोंडावरच आपटले असते."

 टोळने मान वर करून कट्ट्याकडे पाहिलं. टाइमकीपर त्याच्याकडेच बघत होता. मान आधी खाली घातली ती टोळने.

"बाबा, तिथून उतरू नका हं. निसरडं आहे."

"मी बाजूने उतरतो." आणि तो उतरलाही, कठड्याला धरून, नीट.

"तुम्हाला दिसलं नसेल ना ते?"

"नाही."

"बरं झालं मीच पडले. तुमचं हाड मोडलं असतं तर जुळलंही नसतं." कळ आली तशी तिने डोळे मिटले. "उद्यापासून..."

टाइमकीपरने खड्ड्याकडे एकदा बघून घेतलं.

"उद्यापासून काही दिवस मला न्यायला जमणार नाही. तुमचे तुम्हीच या. माझ्यापेक्षा तुमचेच पाय धड आहेत म्हणायचे."

"येईन," तो म्हणाला.

फाटकाकडे जाताना तिला भोवळ आली. तिने चांगला हात बापाच्या खांद्यावर टेकला.

त्याने तो टेकू दिला.