कोनाड्यातला गिलास

औषधांनी नातवाचा ताप हटेना, तेव्हा बायजाबाई त्याला खांद्यावर टाकून कामठ्याहून गोंदियाच्या जुन्या मशिदीच्या झिजलेल्या पायरीशी येऊन उभी राहिली. नमाज सुटली की बाहेर पडणारे नमाजी दुवा पढून पाण्यावर फुंकर घालतात, ते पाणी पोराला पाजायचं होतं. मशिदीत न्यायचा म्हणून तिने स्वयंपाकघरातला गिलास न घेता पडवीतल्या कोनाड्यातला, पोचा पडलेला आणला होता. दर सणाला तिच्या हातात बांगड्या भरणाऱ्या कय्यूमसाठी वेगळा ठेवलेला. गर्दीतून नेमका कय्यूमच पुढे आला. "हा तं माहाच गिलास होय, मावशी!" तो मोकळं हसला. बायजाबाईची मान वर होईना. त्याने डोळे मिटून पाण्यावर फुंकर घातली. पोराने गिलास तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला. "आता पोरापाशीच राहू द्या," चपला घालताना कय्यूम म्हणाला, "मी ओंजळीनं पेत जाईन."