काठोकाठ
घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ जुन्या डिस्कवरून दोन नव्या डिस्कवर उतरवून तो छाती काढून म्हणाला, "एक डिस्क बंद पडली तरी दुसरी आहे. आता काही म्हणून हरवायचं नाही." जुनी निवृत्त डिस्क आईने डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. बायकोने माउस हातात घेतला आणि त्यांच्या लग्नात त्याने गायलेल्या गाण्याचा व्हिडिओ उडवला. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो शेवटपर्यंत बघावा लागायचा. "उडव खुशाल," म्हणत त्याने दुसरी डिस्क उघडली. तिथेही व्हिडिओ नव्हता. एकीवर होईल ते दुसरीवर तत्क्षणी व्हावं, ही सोय त्यानेच करून ठेवली होती. तो घाईघाईने टेबलाखाली वाकला. बायकोने दोन्ही कोपरं टेबलावर रोवली. "राहू दे, आईंचा चहा सांडेल." आईने रिकामा कप पटकन टेबलावर ठेवला. "हो, काठोकाठ भरलाय."