उपळेकरांची मोठी लाट

उपळेकरांच्या मोठ्या आतड्याचं थेट प्रक्षेपण सकाळपासून सुरू होतं. ऑपरेशननंतर आतडं झोपलं होतं आणि गिळलेली सेन्सरची गोळी त्याची हालचाल खोलीतल्या भिंतीवर रेघेनं दाखवत होती. दुपारपर्यंत आतडं जागं झाल्याची मोठी लाट आली नाही, तर पोट पुन्हा उघडायचं, असं डॉक्टर तांबोळींनी बजावलं होतं. म्हणून अख्खी सोसायटी धीर द्यायला खोलीत जमली होती.

"आली, आली!" मेहुणे ओरडले. रेघ जराशी उठली आणि पुन्हा आडवी झाली. सगळे हळहळले.

"काका, हिंमत सोडू नका!" शेजारची नीलांबरी म्हणाली.

"अहो, लग्न झाल्यापासून बघतेय, हे दार लावून पेपर घेऊन बसतात," उपळेकरकाकू म्हणाल्या. "एवढ्या वरातीसमोर कशी यायची लाट? ती भिंत बंद करा आणि बाहेर व्हा."

डॉक्टरांनी नाखुशीनं भिंत बंद केली. काकूंनी नवऱ्याच्या हाती पेपर दिला आणि दार ओढून घेतलं. बाहेर सगळे श्वास रोखून उभे राहिले.

थोड्या वेळानं आतून एक दीर्घ, खणखणीत आवाज आला.

"भिंत चालू करून मोजायचं का?" मेहुण्यांनी कुजबुजत विचारलं.

"गरज नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दुसरं ऑपरेशन रद्द केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अजून इथंच आहात?" उपळेकर आतून गरजले.