प्रथम पुण्यस्मरण

ज्योतीराम हातात कटर घेऊन फलकासमोर उभा होता आणि कोठून कापावे हे त्याला कळत नव्हते.

तळवड्याहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याला वस्तीचा रस्ता जेथे येऊन मिळतो, त्या कोपऱ्यावर हा फलक होता. 'प्रथम पुण्यस्मरण' अशी अक्षरे, वरच्या अर्ध्या भागात हात जोडलेले पुढारी साहेब, तळाशी शोकाकुल मित्रमंडळींची रांग, आणि उरलेल्या मधल्या जागेत, साहेबांच्या चेहऱ्याहून जरा लहान, ज्योतीरामचा मुलगा गणराज. वर्षापूर्वी तो याच कोपऱ्यावर कंटेनरखाली गेला. त्याची आठवण अपघाताच्या जागीच राहावी असे मित्रांना वाटले. आणि वस्तीतून बाहेर पडणाऱ्याला मोठ्या रस्त्यावरचे वाहन दिसू नये, अशी व्यवस्था त्या आठवणीने केली.

रुपाली स्कूटर बंद करून बाजूला उभी होती. काल ती मुलीला शाळेत सोडायला निघाली असताना एक कंटेनर तिच्या पुढच्या चाकापाशी येऊन थांबला होता. तो फलकाआडून आला, हे तिने आज सकाळी ज्योतीरामच्या दारात उभे राहून सांगितले. आवाज न चढवता, पुन्हा पुन्हा माफी मागत. ज्योतीरामला तिचे म्हणणे पटले. अडचण एवढीच, की सकाळपासून जो जो भेटला त्याचे म्हणणे त्याला पटत आले होते.

कडेला उभ्या असलेल्या हवालदारांचे म्हणणे असे की फलक विनापरवाना आहे, म्हणून तो निघायलाच हवा. परंतु त्यावर साहेब आहेत, म्हणून तो काढण्याचा हुकूम वरून यायला हवा. शिवाय या वळणावरचे अपघात गेल्या वर्षीच्या मानाने घटले आहेत, आलेख उतरता आहे, आणि उतरत्या आलेखाच्या जागी तातडीची कारवाई बसत नाही. गेल्या वर्षी जे गेले त्यांत गणराज होता. म्हणजे यंदा आलेख उतरावा म्हणून त्यानेच आधी तो चढवून ठेवला होता. ज्योतीरामने मान डोलावली. पोराच्या हातून चूक घडली की उपकार, हे मात्र त्याला नीट उमगले नाही.

गणराजचा मित्र सनी फलकाच्या बांबूला हात लावून उभा होता. साहेब खाली उतरले तर वस्तीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असे तो म्हणत होता. फलक मागे सरकवता येईल का, असे रुपालीने विचारले. मागे गटार होते. वर चढवता येईल का? वर विजेच्या तारा होत्या. गटार आणि तारा यांच्यामध्ये जेवढी म्हणून जागा होती, ती साहेबांची होती.

"मग जेवढा आडवा येतो तेवढा तरी कापा ना," रुपाली म्हणाली.

"कापा की. नाही कोण म्हणतंय? फक्त साहेबांना हात नको, काका. आणि खालची पोरं पण नकोत, सगळी घरचीच आहेत."

"मग राहिलं काय?" रुपालीने विचारले.

सनीने बांबूवरचा हात काढून घेतला. त्याचा आवाज उतरला. "गण्या तुमचा आहे, काका. त्याचं तुम्ही ठरवा."

हवालदारांनाही हे रास्त वाटले. कुटुंबीयांची हरकत नसेल तर प्रश्नच मिटला, असे म्हणून त्यांनी घाम पुसला. इतका वेळ फलकाला मालक सापडत नव्हता, आता सापडला.

गणराजची आई सावित्रीबाई फलकासमोरच उभ्या होत्या. कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जाताना त्या रोज येथे थांबत. घरी गणराजचा एकच फोटो होता, नोकरीच्या अर्जासाठी काढलेला. त्यात तो हसत नव्हता. हा फोटो मित्रांच्या फोनमधला होता. यात तो हसत होता.

त्या रुपालीजवळ गेल्या. "ताई, मला मागं बसवा. तुमाला कुठून दिसना, ते बघू द्या."

रुपालीने त्यांना मागे बसवून स्कूटर हळूहळू कोपऱ्यापर्यंत आणली. सावित्रीबाईंनी तिच्या खांद्यावरून उजवीकडे पाहिले. साहेब पार वर होते. मित्रांची रांग गुडघ्याखाली होती. नजरेच्या रेषेत, जेथे रस्ता असायला हवा होता तेथे, गणराज होता.

बराच वेळ त्या खाली उतरल्या नाहीत.

"त्याच्या तोंडामागंच हाय रस्ता," उतरल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या. "घ्या कापून."

"कुठून घेऊ?" ज्योतीरामने विचारले.

"कडंकडंनं घ्या. तोंड मोडू नका."

कापड सैल होते, कटर अडखळत होते. सनीने पुढे होऊन दोन्ही हातांनी ते ताणून धरले, म्हणजे रेघ सरळ जावी. कपाळावरून, कानाशेजारून, हनुवटीखालून ज्योतीराम कापत गेला. शेवटचा कोपरा सुटला तेव्हा सावित्रीबाईंनी तो चौकोन खालून दोन्ही तळव्यांवर झेलला. गुंडाळला तर चेहऱ्यावर घडी पडेल, म्हणून त्या तो तसाच आडवा धरून उभ्या राहिल्या.

रुपालीने स्कूटर मागे घेतली आणि पुन्हा वस्तीतून येणाऱ्या माणसासारखी कोपऱ्यापर्यंत आणली. साहेब हात जोडून होते. मित्र शोकाकुल होते.

"आता दिसतंय का, ताई?" सावित्रीबाईंनी विचारले.

रुपालीने दोन्ही ब्रेक घट्ट दाबून धरले होते. गणराजच्या खांद्यांवर, छापील हाराच्या वर, चेहऱ्याच्या रिकाम्या जागेत एक कंटेनर मोठा मोठा होत येत होता.